साध्या गाठीला ‘लाईट’ कशाला?

श्टुटगार्टला राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या तळपायाला दोन गाठी आल्या आहेत, कॅन्सरच्या नाहीत. जर्मन डॉक्टरांनी पाच दिवस रोज ‘बेश्ट्रालुंग’, म्हणजे किरणांचा उपचार, आणि दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा पाच दिवस, असं सांगितलं आहे. ते लिहितात, “साताऱ्याला आईला फोनवर सांगताना अडलो. ‘रेडिएशन’ म्हणताच ती रडायला लागली. मी म्हटलं, अगं, सौम्य आजार आहे. ती म्हणाली, सौम्य आहे तर लाईट कशाला देतायत? किरणोपचार, किरणोत्सर्ग, शेक, लाईट यांतलं नेमकं काय म्हणू? आणि ‘सौम्य’ चुकलं का?”

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घोटाळा तिथेच झाला आहे. हो, चुकलं. पण चूक तुमची नाही, कोशांची आहे.

इंग्रजीतल्या ‘बिनाइन’ला मराठी कोशांत सहसा ‘सौम्य’ सापडतं. त्या शब्दाचं मूळ लॅटिन, अर्थ साधारण ‘भल्या कुळातला’. म्हणजे तो शब्द जात सांगतो, जोर सांगत नाही. जर्मनने तर ते उघडच करून टाकलं आहे: ‘गुटआर्टिग’ म्हणजे चांगल्या जातीची आणि ‘बोझआर्टिग’ म्हणजे वाईट जातीची. आपला ‘सौम्य’ मात्र सोमावरून आला. चंद्रासारखा शीतल, म्हणून बेताचा, कमी तीव्र. सौम्य भूकंप, सौम्य लाठीमार, औषधाचे सौम्य दुष्परिणाम. सौम्य म्हटलं की मराठी कानाला ‘थोडंसंच’ ऐकू येतं. आता तळपायाची ही गाठ कॅन्सरच्या जातीची नाही हे खरं, पण दर पावलागणिक बुटात खडा असल्यासारखी टोचत असेल तर तिला थोडंसंच कोण म्हणेल? आईंचा प्रश्न तर्काला धरूनच होता.

गंमत म्हणजे लोकांकडे यासाठी शब्द आहे आणि तो कोशातल्यापेक्षा सरस आहे: साधी. दवाखान्यातून आलेल्या माणसाला शेजारीण पहिलं विचारते, “गाठ साधीये ना?” यात दुखते किती, मोठी किती याची चौकशी नाही, जात कोणती, एवढंच विचारलं आहे. साधी गाठ नारळाएवढी असू शकते, असह्य दुखूही शकते. तेव्हा ‘सौम्य आजार’ टाका, ‘साधी गाठ’ म्हणा. (‘ग्रंथी’ म्हणू नका. सुश्रुताच्या निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद शेजारी शेजारी येतात आणि तिथे ग्रंथी म्हणजे गाठच आहे. पण आजच्या मराठीत ग्रंथी म्हटलं की थायरॉइड आठवतं.)

या विशिष्ट गाठीला मराठी नाव नाही. गेओर्ग लेडरहोझे या जर्मन शल्यवैद्याच्या नावाने ती ओळखली जाते. तुम्ही जर्मनीत असल्यामुळे ‘लेडरहोझे’ या चामड्याच्या अर्ध्या चड्डीचा विनोद कुणीतरी केला असेलच. चड्डीच्या स्पेलिंगमध्ये एक ‘डी’, डॉक्टरांच्या नावात दोन. या गाठीचं हातातलं भावंड जास्त प्रसिद्ध आहे. पॅरिसच्या ओतेल-दिय रुग्णालयातले गियोम द्युपुईत्रँ यांनी 1831 मध्ये त्यावर व्याख्यान दिलं, म्हणून त्यांचं नाव लागलं. त्याआधी बाझेलच्या फेलिक्स प्लाटर यांनी 1614 मध्येच अशी वाकलेली बोटं नोंदवून ठेवली होती, पण नावं ठेवण्याच्या बाबतीत इतिहास न्याय्य नसतो.

दोन्हीकडे दुखणं एकच. तळहाताच्या किंवा तळपायाच्या कातडीखाली एक चिवट पांढरा पडदा असतो. त्यातल्या पेशी विनाकारण वाढतात, गाठ होते, पुढे हातात तिचा दोर बनतो आणि करंगळी नाहीतर अनामिका आत ओढली जाते. आपल्याकडे अशा हाताला ‘शीर आखडली’ म्हणतात. पायाच्या गाठीला कुणी कुरूप म्हणेल, कुणी भोवरी, कुणी घट्टा. यांतलं एकही बरोबर नाही. कुरूप आणि घट्टा कातडीचे, आणि ‘शीर’ तर मराठीत रक्तवाहिनीलाही चालते, मज्जातंतूलाही आणि स्नायूच्या दोरीलाही. इथे तिघांचाही संबंध नाही. पाठ्यपुस्तकी ‘आकुंचन’ही नको. आकुंचनापाठोपाठ प्रसरण यावं लागतं, हृदयाचं येतं तसं. हे बोट परत सरळ होत नाही. हात आखडता घेणारा माणूस मनात आलं तर सैल सोडू शकतो. या बोटाला ती सोय नाही. मी ‘आकसणं’ म्हणेन. कापड धुतल्यावर आकसतं, ते पुन्हा पूर्वीच्या मापाचं होत नाही.

आता उपचाराकडे. ‘किरणोत्सर्ग’ आईंसमोर उच्चारू नका, आणि खरं तर इतरत्रही जपून वापरा. मराठी विश्वकोशात हा शब्द युरेनियम-रेडियमसारख्या पदार्थांच्या गुणासाठी आहे: अणुकेंद्रातून आपणहून किरण बाहेर सोडले जाणं. उत्सर्ग म्हणजे सोडून देणं. नुसत्या रेडिएशनला तिथे ‘प्रारण’ आहे, पण तो शब्द विश्वकोशातच राहिला. वर्तमानपत्रांनी दोन्हींना किरणोत्सर्ग करून टाकलं. चेर्नोबिल, फुकुशिमा, जैतापूर यांच्या शेजारी वाचलेला हा शब्द ऐकून आईला वाटणार, आता मुलाच्या अंगातून किरण निघणार. तसं काही होत नाही. बाहेरून यंत्राने दिलेले किरण यंत्र बंद झालं की संपले. त्या संध्याकाळी नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नसते.

‘शेक’ हा शब्द मला मनापासून आवडतो. बाळंतिणीची शेकशेगडी, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी. त्यात माया आहे. कॅन्सरच्या वॉर्डांतही ‘शेक चालू आहे’ असं सर्रास म्हणतात. पण तो दिशाभूल करतो. शेकात ऊब लागते, इथे काहीच लागत नाही: ऊब नाही, चटका नाही. शिवाय फिजिओथेरपीवाल्यांचाही शेकच असतो. आई म्हणतील, “मी पण घेतला होता गुडघ्याला, दहा दिवस,” आणि तुम्ही सुटलात असं वाटेल. मग कधीतरी कुणी डॉक्टर भाचा खरं काय ते सांगेल आणि प्रकरण तुम्हालाच शेकेल.

‘लाईट’ची गोष्ट उलटी आहे. परळच्या आसपासच्या धर्मशाळांत, गावाकडून उपचाराला आलेल्यांच्या तोंडी हा शब्द ऐकावा. “पंचवीस लाईट झाल्या, आठ राहिल्या.” घरची लाईट जाते-येते तशी ही स्त्रीलिंगी, आणि चक्क मोजता येणारी. एका वेळच्या ज्या मात्रेला डॉक्टर ‘फ्रॅक्शन’ म्हणतात तिला इतका सुटसुटीत मराठी शब्द कुणा समितीला सुचला नसता. पण याच वापरामुळे लाईट आणि कॅन्सर ही जोडी घट्ट बसली आहे. तुमच्या आई ‘सौम्य’ ऐकूनही घाबरल्या त्या या जोडीमुळे. जर्मनीत टाचदुखीलाही किरण देतात, हे साताऱ्यात कुणाला माहीत असणार? आपल्याकडेही शस्त्रक्रियेनंतर केलॉइड, म्हणजे फुगून वाढणारा व्रण, परत येऊ नये म्हणून किरण देतात. पण त्याची कुजबुज गावापर्यंत पोचत नाही.

उरला ‘किरणोपचार’. कागदावर तोच लिहा. निसर्गोपचाराच्या वळणाने घडला आहे, जिभेला जड नाही. हिंदी पाट्यांवर ‘विकिरण चिकित्सा’ असतं. किरण आणि विकिरण दोन्ही ‘कॄ’ धातूचे, अर्थ विखुरणं. इथे मात्र सगळा खटाटोप किरण विखुरू नयेत म्हणून असतो: गाठीपुरती खिडकी ठेवून बाकी पाय शिशाने झाकतात.

पण फोनवर आईशी बोलताना ‘किरणोपचार सुरू होणार आहेत’ असं कोण म्हणतं? क्रियापद वापरा: किरण देणार आहेत. एक्स-रेला आपण ‘क्ष-किरण’ म्हणतोच. बीजगणितातला अज्ञात ‘क्ष’ आपण तिथे आणून बसवला आणि तीन पिढ्यांनी फोटो काढून घेतले. त्या किरणांची आईंना भीती नाही. हे त्याच घराण्यातले, मात्रा जास्त. मात्राही नेमकी सांगता येईल: ‘ग्रे’ हे तिचं माप. रूढ पद्धतीत रोज 3 ग्रे, पाच दिवसांत 15, मग सहा ते बारा आठवड्यांची विश्रांती आणि पुन्हा 15. कॅन्सरच्या उपचारात अनेकदा याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक लागते.

एक सावधगिरी शब्दांचीच. ‘गाठ जिरेल’ असं वचन देऊ नका. आपल्या भाषेत गाठ जिरते, बसते, पिकते, फुटते. या उपचाराला चपखल क्रियापद वेगळंच आहे: थोपवणं. वाढणाऱ्या पेशींना आवर घालायचा, म्हणूनच तो लवकर करायचा. आकसून गेलेलं बोट किरणांनी सरळ होत नाही. तळपायाच्या गाठींवर नेदरलँड्समध्ये एक चाचणी झाली. काहींना खरे किरण दिले, काहींना लुटुपुटीचे, आणि कुणाला कोणते हे त्यांना सांगितलं नाही. वर्षाने खरे किरण मिळालेल्यांचं दुखणं कमी होतं. तेव्हा ‘दुखणं कमी होईल अशी आशा आहे’ एवढं म्हणायला जागा आहे. ‘निरुपद्रवी’ मात्र म्हणू नका. कातडी कोरडी पडते, आणि पुढे अनेक वर्षांनी कॅन्सरचा अगदी थोडा धोका गृहीत धरतात, म्हणून तरुणांना किरण देताना डॉक्टर हात राखून असतात.

राहिला पाच-पाच दिवसांच्या टप्प्याला शब्द. ‘आवर्तन’ नको, शेतीच्या पाण्याचं वाटतं. मी ‘हप्ता’ सुचवतो. फारसीत हप्ता म्हणजे आठवडा, मराठीत कर्जाचा; इथे दोन्ही अर्थ जुळतात. म्हणजे फोनवर असं: “आई, तळपायाला साधी गाठ आहे, कॅन्सरची नाही. वाढू नये म्हणून किरण देणार आहेत, रोज काही मिनिटं. पाच दिवसांचा एक हप्ता आत्ता, दुसरा दिवाळीनंतर.” दिवाळीच्या जागी तुमची तारीख घाला.