कातरणीआधीच्या शंका

मेंढरं कातरायची वेळ आली की सांगोला, मंगळवेढा, मोहोळकडून त्याच त्याच शंका येतात. विचारणाऱ्यांकडे बहुधा दहा-वीस मेंढरं असतात, शेती सांभाळून पाळलेली. खांडामागं, म्हणजे कळपामागं, आयुष्य काढलेल्या मेंढक्यांना यातलं निम्मं सांगावं लागत नाही.

पावसात भिजलेली लोकर लगेच कातरली तर?

नको, ओली लोकर पोत्यात तापते, कुजते आणि घोंगडीवाला ती परत पाठवतो.

आदल्या रात्री उपाशी ठेवायला सांगतात. मेंढी खंगणार नाही का?

एका रात्रीत नाही. भरल्या पोटाची मेंढी उताणी धरली की पोटाचा भार छातीवर येतो, ती धापा टाकते, झटापट करते आणि कात्री लागते. संध्याकाळनंतर वैरण बंद ठेवा. गाभण मेंढीचा शेवटचा महिना असेल तर कातरणीच पुढं ढकला. दिवस नक्की माहीत नसतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.

कातरणारे मिळेनात. मृग लागल्यावर कातरलं तर चालेल?

दरवर्षी हेच! कातरणाऱ्याला वेळेत सांगून ठेवायला काय लागतं? नुकतंच कातरलेलं मेंढरू पावसात गारठलं की न्यूमोनिया होऊ शकतो. पावसाआधी निदान आठ-दहा दिवस हातात ठेवा, आणि ते दिवस भर उन्हातही चारू नका. उघडी कातडी भाजते. आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची पावसाळ्यापूर्वीची लस त्याच दिवशी उरकू नका. दोन्हींत किती अंतर ठेवायचं ते दवाखान्यात विचारून ठरवा.

माडग्याळ जातीची मेंढी कातरावी का?

तिच्या अंगावर लोकर जेमतेम. दख्खनी जातीच्या मेंढीचं वेळापत्रक तिला लावू नका.

कातरल्यावर गोचीड उघडे दिसतात. डाळिंबावर फवारायचं औषध घरात आहे. दुकानदार म्हणतो, प्रमाण कमी ठेवून पंपानं मारा.

अजिबात मारू नका. पिकाचं औषध जनावरासाठी बनलेलं नसतं. क्लोरपायरीफॉससारखं विष कातडीतून शोषलं जातं. त्यात कातरलेल्या अंगावर बारीक ओरखडे असतात, लोकरीचा आडोसा गेलेला असतो, आणि मेंढरं अंग चाटतात. मग लाळ गळते, अंग थरथरतं, हगवण लागते, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते. दुकानदार ‘कमी प्रमाण’ म्हणतो. किती कमी, हे विचारलं की गप्प होतो. मेंढी दगावली तर तो भरून देणार आहे का?

कुणी मारलंच असेल तर ताक, तूप पाजत बसू नका. हातमोजे घालून साबण-पाण्यानं अंग धुवा आणि जनावरांच्या उपचारासाठीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा. औषधाचा डबा लेबलासकट डॉक्टरांना दाखवा. ॲट्रोपिन हा विषावरचा उतारा द्यायचा का, किती, हे तेच ठरवतील.

जनावरांसाठीची सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ अशी औषधं मिळतात. पण कातरल्या दिवशी तीही नकोत. दहा-पंधरा दिवसांत ओरखडे भरले की उघडीप बघून सकाळी आंघोळ घाला. आधी पोटभर पाणी पाजा, म्हणजे मेंढरं औषधाचं पाणी पिणार नाहीत. मेंढरांच्या वाड्याच्या भिंतींच्या फटीही बघा, गोचिडाची अंडी तिथं असतात. कोकरं आणि गाभण मेंढ्यांसाठी कुठलं औषध चालेल ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

एक एजंट अल्पाकाची जोडी देतो म्हणतो. कातरणी मेंढीसारखीच असते का?

नाही. हा पेरू-बोलिव्हियातल्या अँडीज पर्वताचा, थंड हवेचा प्राणी. त्याला वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी कातरतात. पुढचे-मागचे पाय ताणून बांधून आडवा निजवतात. आपल्याकडचा मे त्याला सोसवेल का, हा वेगळाच प्रश्न. परदेशातून जिवंत जनावर आणायला केंद्र सरकारचा परवाना आणि विलगीकरण लागतं. ती कागदपत्रं मागा आणि पशुसंवर्धन खात्याला दाखवा. तोवर आगाऊ रक्कम देऊ नका.

कात्री लागली तर हळद पुरे का?

ओरखडा असेल तर जंतुनाशकानं धुऊन माश्या बसू न देणारं मलम लावा, नाहीतर अळ्या पडतात. जखम खोल किंवा कासेजवळ असेल तर डॉक्टरांना बोलवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. दुसऱ्या खांडातून आलेली कात्री जंतुनाशकात बुडवल्याशिवाय तुमच्या मेंढराला लावू देऊ नका. पुवाच्या गाठींचा रोग असाच पसरतो. गाठ असलेली मेंढी सगळ्यात शेवटी कातरा, आणि गाठ फोडायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या.