नवीन टॅब उघडायचा की नाही ते वाचणाऱ्याला ठरवू द्या

तुमचा क्लायंट म्हणतोय की बाहेरच्या सगळ्या लिंक नवीन टॅबमध्येच उघडल्या पाहिजेत, नाहीतर लोक आपली साइट सोडून जातील, आणि तुम्ही विचारताय की त्याचं ऐकायचं का. माझं मत स्पष्ट आहे, ऐकू नका, त्याला नीट समजावून सांगा. ज्याला जायचंय तो जाणारच. उलट ज्याला परत यायचं असतं त्याचीच पंचाईत होते, कारण कॉम्प्युटरवरच्या बहुतेक ब्राउझरमध्ये नव्या टॅबला मागची हिस्टरीच नसते आणि बॅकचं बटण करडं होऊन बसतं.

युजर टेस्टिंगला, म्हणजे लोक साइट वापरून बघत असताना, शेजारी बसलात की हे लगेच दिसतं. एक रिटायर्ड शिक्षक होते, त्यांनी लिंक उघडली, पान वाचलं, मग बॅकवर क्लिक, परत क्लिक, काहीच होईना, वर दोन टॅब आहेत हे लक्षातच आलं नाही कारण सगळी नजर खालच्या मजकुरावर. शेवटी कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून अख्खा ब्राउझरच बंद केला आणि म्हणाले, तुमची साइट अडकली. आता ज्यांना नवीन टॅब हवा असतो ते कंट्रोल धरून क्लिक करतात, नाहीतर माउसचं मधलं बटण वापरतात, मोबाइलवर लिंक दाबून धरली की पर्याय येतोच. साधी लिंक ठेवली तर दोन्ही सोयी राहतात, लिंकच्या कोडमध्ये टार्गेट ब्लँक (target="_blank", म्हणजे नवीन टॅबमध्येच उघड अशी सूचना) टाकलं की त्याच टॅबमध्ये उघडायची सोय आपण काढून घेतो.

हा वाद जुनाच आहे. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचा तज्ज्ञ जेकब नीलसन, त्याने १९९९ मध्येच नवीन विंडो उघडणं ही वेब डिझाइनमधली चूक म्हणून सांगितलं होतं, आणि त्याच वर्षी आलेल्या एचटीएमएल ४.०१ च्या (एचटीएमएल म्हणजे वेब पानं लिहायची भाषा) स्ट्रिक्ट, म्हणजे कडक नियमांच्या, प्रकारात टार्गेटला जागाच नव्हती. एचटीएमएल ५ मध्ये ते परत आलं.

अपवाद आहेत, आणि ते मी स्वतः वापरते. कोणी मोठा फॉर्म अर्धा भरलाय आणि मध्येच नियम व अटींची लिंक आहे, तिथे नवीन टॅबच पाहिजे, भरलेलं सगळं गेलं तर माणूस परत भरत नाही. पण मग लिंकच्या शब्दांतच "नवीन टॅबमध्ये उघडेल" असं लिहा. नुसता बाणाचा आयकॉन लावून भागत नाही, स्क्रीन रीडरवर, म्हणजे पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकणाऱ्याला तो दिसत नाही, त्याला मजकूरच लागतो.

आणि क्लायंट अडूनच बसला तर लिंकच्या कोडमधल्या रेलमध्ये नोओपनर (rel="noopener") टाकायला विसरू नका. ते नसलं तर उघडलेलं पान विंडो ओपनरमधून (window.opener, म्हणजे ज्या पानाने ते उघडलं त्याच्याशी असलेला दुवा) तुमच्या मूळ टॅबचा पत्ता बदलू शकतं, तिथे खोटं लॉगिन पान आणून ठेवू शकतं आणि माणूस परत येऊन बिनधास्त पासवर्ड टाकतो. क्रोम ८८ पासून, म्हणजे २०२१ पासून, टार्गेट ब्लँकला ब्राउझर आपणहून नोओपनर धरतो, सफारी आणि फायरफॉक्सने त्याच्याही आधी सुरू केलं होतं, तरी तुम्ही लिहाच, जुने फोन अपडेट न करता वापरणारे अजून आहेत.