प्रोलॅक्टिन एकटे पुरत नाही

प्रश्न: गाभण उंदरिणीच्या स्तनग्रंथीचे तुकडे दोन दिवस प्रोलॅक्टिन या दूध बनवायला लावणाऱ्या हार्मोनमध्ये ठेवले, पण कॅसीन हे दुधातले प्रथिन मिळाले नाही. मात्रा दुप्पट करूनही तेच. हार्मोन खराब असेल का?

उत्तर: हार्मोनवर संशय नंतर घ्या, आधी माध्यमात, म्हणजे तुकडे ठेवलेल्या पोषक द्रवात, इन्शुलिन आणि हायड्रोकॉर्टिसोन हे हार्मोनही होते का ते पाहा. इन्शुलिनविना तुकडे तगच धरत नाहीत. प्रोलॅक्टिन पेशीतले स्टॅट-५ हे प्रथिन जागे करते, पण कॅसीनच्या जनुकावर त्याला हायड्रोकॉर्टिसोनच्या ग्राहीची, म्हणजे ते हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाची, साथ लागते. जोडीदारच नसेल तर मात्रा दुप्पट करून काय होणार?

नेहमीचे प्रमाण असे: दर मिलिलिटर माध्यमात इन्शुलिन ५, हायड्रोकॉर्टिसोन १ आणि प्रोलॅक्टिन ५ मायक्रोग्रॅम, ३७ अंश सेल्सिअसला ४८ तास. तुकडे मिलिग्रॅमभराचेच हवेत. मोठ्या तुकड्याच्या गाभ्यात प्राणवायू पोचत नाही आणि तो आतून मरतो. ते तरंगते ठेवा, बुडवू नका. इन्शुलिन सौम्य आम्लात विरघळवा, हायड्रोकॉर्टिसोन अल्कोहोलमध्ये. तेवढेच अल्कोहोल हायड्रोकॉर्टिसोन न घातलेल्या तुलनेच्या बशीतही घाला. हे हमखास राहून जाते. कधीच गाभण न राहिलेल्या मादीची ग्रंथी घेतली असेल, तर तिच्यात चरबीच जास्त, दुधाच्या पेशी अगदी थोड्या.

एक सावधगिरी. हायड्रोकॉर्टिसोनच्या या मात्रेला कॅसीन भरघोस येते, पण अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन हे दुधातले दुसरे प्रथिन दबते. ते मोजायचे असेल तर मात्रा बरीच खाली आणा.

प्रश्न: गरोदरपणात रक्तात प्रोलॅक्टिन भरपूर असते. मग दूध बाळंतपणानंतरच का उतरते?

उत्तर: प्रोजेस्टेरॉन या गरोदरपणातल्या हार्मोनचा लगाम असतो म्हणून. ते अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन बनू देत नाही. हे प्रथिन गॅलॅक्टोसिल ट्रान्सफरेज या विकराला येऊन मिळाले, की त्या विकराला ग्लुकोज सहज पकडता येते आणि लॅक्टोज ही दुधातली साखर तयार होते. लॅक्टोज आपल्यामागे पाणी ओढते, त्यामुळे दुधाचे आकारमान तेच ठरवते. वार पडली की प्रोजेस्टेरॉन कोसळते आणि साधारण दोन-तीन दिवसांत स्तन भरून येतात. वारेचा तुकडा आत राहिला, तर दूध उतरायला उशीर होतो.

पान्हा फुटणे मात्र वेगळे. ते काम ऑक्सिटोसिनचे. ते दूध बनवत नाही, दुधाच्या पिशव्यांभोवतालच्या पेशी आवळून बनलेले दूध नळ्यांत ढकलते.