लेकीला भूभौतिकशास्त्र शिकू द्या

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. ज्वालामुखीच्या कुंडातल्या सरोवराखालचे जिवंत भ्रंश (जमीन जिथे अजूनही सरकते त्या भेगा) शोधायचे, हेच करायचं म्हणते. यात नोकरी आहे का? सारखं होडीत राहावं लागेल का? तिला पोहता येत नाही. लोणारला असं काम मिळेल का?
– एक पालक, पाटण (जि. सातारा)

उत्तर: नमस्कार. आधी लोणारचं सांगतो. ते सरोवर उल्का आदळून झालंय. तुमची लेक म्हणते ते न्यूझीलंडच्या टाउपोसारखं. तिथे सुमारे २५,५०० वर्षांपूर्वी महास्फोट झाला, जमीन खचली आणि त्या खड्ड्यात पाणी साचलं.

तिनं विषय फार चांगला हेरलाय: भूभौतिकशास्त्र, म्हणजे भौतिकशास्त्राच्या पद्धतींनी जमिनीच्या पोटात डोकावणं. जमिनीवर भ्रंशाची कड पावसापाण्यानं झिजून जाते. सरोवरात मात्र गाळ थरावर थर बसत जातो, त्यामुळे नोंद टिकते. होडीतून ध्वनिलहरी खाली सोडतात, त्या थराथरावरून परततात आणि पडद्यावर गाळाचा उभा छेद उमटतो. ज्वालामुखीच्या राखेचा एखादा थर मधेच तुटून पलीकडे खाली सरकलेला दिसला, की तिथे भ्रंश असण्याची दाट शक्यता. मग तुटलेल्यांत सर्वांत वरचा थर कोणता ते पाहायचं. तो जितका नवा, तितकी हालचाल अलीकडची. राख कोणत्या स्फोटाची ते कळलं, तर काळही ठरवता येतो. गाळात वायू साठला असेल तर खालचं काहीच धड दिसत नाही, तिथे अनुभवी नजरेचा कस लागतो.

होडीवरचं काम थोडे दिवस, तेही लाइफ जॅकेट घालून. बाकी सगळं संगणकावर. पोहायला जरूर शिकवा, पण त्यासाठी तिला अडवू नका.

नोकरीचं स्पष्ट सांगतो: फक्त अशा सरोवरांवर काम करायचं तर परदेशात पीएचडी करावी लागेल. पण हीच विद्या भूजल, तेलशोध, धरणाची जागा, समुद्रतळ सगळीकडे लागते. बीएस्सीला भौतिकशास्त्र, गणित आणि जमल्यास भूशास्त्र घ्यावं, मग ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत भूभौतिकशास्त्रात एमएस्सी. पुढे यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा, हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था), गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था).

आणि तुम्ही तर कोयनेच्या काठचे! ११ डिसेंबर १९६७चा भूकंप घरातल्या थोरांना आठवत असेल. त्याचं मूळ शोधायला कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलंय, आणि त्यावर काम करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडला आहे. सुट्टीत परवानगी काढून लेकीला तिथे घेऊन जा.

बारावीला तिनं गणित घेतलंय का, ते मात्र लगेच कळवा. नसेल तर वाट बदलावी लागेल.