पडदा फाटला तो स्टेंटमुळे का?

प्रश्न : सासऱ्यांच्या (वय 71) छातीत दोन दिवस जळजळ होती. पित्त समजून आम्ही ओवा, सोडा दिला. तिसऱ्या दिवशी हार्ट अटॅक निघाला, स्टेंट घातला. दोन दिवसांनी एकाएकी धाप लागली, बीपी उतरलं. हृदयाच्या पडद्याला भोक पडलंय म्हणाले. बलूनचा पंप लावून आठवडाभर ठेवलं, मग ऑपरेशन केलं. आता घरी आहेत. दीर म्हणतात, स्टेंट घालतानाच भोक पाडलं आणि बिल वाढवायला थांबले. खरं काय? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, स्टेंट हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत बसतो. पडदा असतो दोन कप्प्यांच्या मध्ये, तिथे स्टेंट नेणाऱ्या तारेचं काम नसतं. वाहिनी तुंबली की तिच्या वाट्याचा स्नायू काही तासांत मरू लागतो, पुढचे काही दिवस तो मऊ पडत जातो आणि डाव्या कप्प्याचा जोर त्याला सोसत नाही. असं फाटणं बहुधा पहिल्या 24 तासांत नाहीतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी होतं. सासऱ्यांचा पाचवा दिवसच होता, नाही का? भोकातून रक्त उजवीकडे, तिथून फुप्फुसांत लोटतं, म्हणून धाप. काहींच्या झडपेला धरणारा स्नायू तुटतो, काहींची बाहेरची भिंतच फुटते. त्यात तर बोलायलाही वेळ मिळत नाही.

वाहिनी वेळेत उघडली तर हे क्वचित होतं. पूर्वी शंभरात एक ते तीन रुग्णांचा पडदा फाटायचा, आता हजारात दोन-तीन. उशिरा येणाऱ्यांत जास्त, वयस्करांत जास्त. ओव्यावरून आता घरात कुणी कुणाला बोलू नका. हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक पित्तासारखाच वाटतो, डॉक्टरसुद्धा चकतात. ईसीजी मात्र त्याच दिवशी काढायला हवा होता.

थांबण्याबद्दल : ताजा मेलेला स्नायू म्हणजे चहात भिजलेला पाव, टाका घातला की सुटतो. आठवडाभरात कडा जरा घट्ट होतात. मूत्रपिंडं, बीपी तग धरून असतील तरच थांबता येतं. ढासळले तर त्याच रात्री छाती उघडावी लागते आणि त्यात बरेच दगावतात. बिलाचे वाद मीही पुष्कळ ऐकलेत, काही खरेही असतात. हा त्यातला वाटत नाही.

भोकावर शिवलेल्या पॅचच्या (ठिगळाच्या) कडेने कधी थोडी गळती राहते. इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी करायचा ते विचारून घ्या. रोज सकाळी वजन करा. दोन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा पावलं सुजली, तर तारखेची वाट न पाहता दाखवा.