मुले येईपर्यंत घर कसे चालवावे

परदेशातील बालगृहात असलेला पाच वर्षांचा मुलगा आणि त्याची तीन वर्षांची बहीण यांना दत्तक घेण्यास तुम्ही लेखी संमती दिली, त्याला आता वर्ष होत आले. प्रवासाची तारीख मिळत नाही, सात वर्षांची मुलगी रोज 'ते दोघे कधी येणार' असे विचारते, त्यांच्यासाठी सजवलेल्या खोलीचे दार तुम्ही बंद करून ठेवले आहे, आणि पतीशी या विषयावर बोलणे जवळपास थांबले आहे. अशा स्थितीत रोजचे घर कसे चालवायचे, असा तुमचा प्रश्न आहे. आमच्याकडेही दोन भावंडे परदेशातूनच आली, आणि ती येण्यापूर्वीचा दीर्घ काळ आम्ही घरातल्या मोठ्या मुलासह काढला, म्हणून सविस्तर लिहिते. माझे मत आधीच सांगते: वाट पाहण्यासाठी घर थांबवू नका. त्या मुलांना चालत्या घरात यायचे आहे, आणि घर चालते ठेवणे ही त्यांच्यासाठी करायची सर्वांत महत्त्वाची तयारी आहे.

तारीख का मिळत नाही, हे नीट समजून घेतलेले बरे. नाहीतर उत्तर न आलेल्या प्रत्येक दिवसाला आपण कोणाचा तरी निष्काळजीपणा समजू लागतो. तुमचा देश आणि मुलांचा देश हे दोन्ही 1993 च्या हेग दत्तक करारात (एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात) सहभागी असतील, तर त्या कराराच्या 35 व्या कलमात अधिकाऱ्यांनी ही प्रक्रिया त्वरेने पार पाडावी असे म्हटलेले आढळेल, परंतु दिवसांची मर्यादा त्यात घातलेली नाही. उलट चौथ्या कलमानुसार मुलांच्या देशाला बऱ्याच गोष्टींची खात्री करून घ्यावी लागते: मूल दत्तक देण्याजोगे आहे का, त्याला स्वतःच्या देशातच कुटुंब मिळण्याच्या शक्यतेचा योग्य विचार झाला आहे का, आणि आवश्यक त्या व्यक्तींनी संमती दिली ती परिणाम समजून, मोकळेपणाने आणि पैशाच्या मोबदल्याविना दिली आहे का. त्यानंतर दत्तक पुढे जाण्यास दोन्ही देशांच्या केंद्रीय प्राधिकरणांची, म्हणजे दत्तकाचे काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणांची, मान्यता लागते. मग न्यायालय, पारपत्र, व्हिसा. म्हणजे तुमच्या प्रतीक्षेतला काही भाग त्या मुलांची एखादी मावशी किंवा आजी त्यांना सांभाळू शकते का, हे कोणीतरी प्रामाणिकपणे शोधण्यात जात असतो, आणि तो वेळ त्या मुलांच्या हक्काचा आहे. मला हे उमगले तेव्हा वाट पाहणे सोपे झाले नाही, पण त्यातला राग बराच निवळला. काही उशीर निव्वळ दिरंगाईचाही असतो, हे मी नाकारत नाही. म्हणून दत्तक संस्थेला 'काही कळले का' असे विचारण्याऐवजी 'फाईल आज कोणाकडे आहे आणि पुढची सही कोणाची हवी आहे' असे विचारत जा. या प्रश्नाला नेमके उत्तर द्यावे लागते आणि दिरंगाई असेल तर ती उघड होते.

आता तुमच्या मुलीविषयी, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा मला तिथेच दिसतो. तिला तारीख सांगू नका, अंदाजाचीही नाही. 'तुझ्या वाढदिवसापर्यंत येतील' असे एकदा म्हटले गेले की तो वाढदिवस तिच्यासाठी आनंदाचा उरत नाही. सात वर्षांच्या मुलाला महिन्यांपेक्षा क्रम अधिक नीट समजतो: आधी तिथले न्यायाधीश कागद वाचतील, मग सही करतील, मग त्यांची पारपत्रे तयार होतील, मग आपण विमानाने जाऊ. हा क्रम एका कागदावर तिच्याच हाताने काढून घ्या आणि जो टप्पा खरोखर पूर्ण झाला असेल त्यावर तिला खूण करू द्या. आठवडेच्या आठवडे एकही खूण होणार नाही, आणि ते तिला दिसू द्या. 'आज काहीच झाले नाही' हेही खरे उत्तर आहे आणि मुले ते आपल्याला वाटते त्याहून शांतपणे स्वीकारतात. त्यांना त्रास होतो तो आपल्या चेहऱ्यावरचे आणि आपल्या शब्दांतले अंतर पाहून.

याहून अवघड बाब म्हणजे ती मुले कदाचित येणारही नाहीत ही शक्यता. तुम्ही ती तिच्यापासून लपवली आहे, असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. देशांचे निर्णय बदलतात. जगभरात परदेशी कुटुंबांत दत्तक गेलेल्या मुलांची संख्या 2004 साली सुमारे 45 हजार होती, ती त्यानंतर खूपच घसरली. इथिओपियाने 2018 साली परदेशी दत्तक बंद केले. चीनने 2024 च्या सप्टेंबरमध्ये नातेसंबंधातील काही अपवाद वगळता तेच केले, आणि मुलांची निश्चिती होऊनही अनेक कुटुंबांची वाट तिथेच संपली. ही आकडेवारी मुलीला सांगायची नाही, परंतु तुम्हा दोघांना ती माहीत असली पाहिजे, म्हणजे बोलताना शब्द जपून निवडले जातात. 'तुझा भाऊ आणि बहीण' असे आत्ताच म्हणण्याऐवजी 'ज्या दोघांना आपण आपल्या घरी आणू इच्छितो ते' असे आम्ही म्हणत असू. हे लांबलचक वाटते, पण ते खरे आहे, आणि त्या मुलांना आज त्यांचे स्वतःचे नाव, सवंगडी आणि सांभाळणारी माणसे आहेत, याचाही त्यात मान राखला जातो.

मुलगी कधीतरी म्हणेल की तिला आता ते नकोतच. तेव्हा तिला अपराधी वाटू देऊ नका. एकुलती एक असणारी ती अचानक तिघांत थोरली होणार आहे, आणि गेले वर्षभर घरातले बोलणे न आलेल्या दोघांभोवतीच फिरत आहे. दिवसातला थोडा वेळ असा ठेवा की त्यात दत्तक हा विषयच निघणार नाही. तिची शाळा, तिची भांडणे, तिचे पडलेले दात, एवढेच. आपल्या कोणत्या वस्तू वाटून घ्यायच्या नाहीत, हे तिने आत्ताच ठरवावे आणि तो निर्णय पुढेही पाळला जावा, हेही मी आग्रहाने सुचवेन.

खोलीचे दार मात्र आजच उघडा. तिथे मुलीला अभ्यास करू द्या, पाहुणे आले तर झोपू द्या, धुतलेले कपडे तिथे घडी करून ठेवा. बंद खोली घरातल्या प्रत्येकाला रोज काहीतरी उणे असल्याची आठवण देते. शिवाय ती खोली त्या मुलांना पहिल्या दिवसापासून हवीशी वाटेलच असे नाही. बालगृहात मुले बहुधा एकाच मोठ्या खोलीत अनेकांच्या सोबतीने, ठरल्या वेळी झोपतात. दार लावलेली शांत, अंधारी खोली त्यांना भीतिदायक वाटू शकते. सुरुवातीचे कित्येक आठवडे दोघांची अंथरुणे तुमच्याच खोलीत घालण्याची तयारी ठेवा, आणि भावंडांना एकमेकांपासून वेगळे झोपवू नका. नव्या घरात ओळखीचे असे त्यांना तेवढेच असेल. सजावट कमी, वस्तू थोड्या आणि वेळापत्रक ठरलेले, असे घर त्यांना पेलवते.

कपडेही आत्ता घेऊ नका. तुमच्या हातातले छायाचित्र आणि वजन-उंचीची नोंद जुनी आहे. दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या मुलांची उंची, साधारण अनुभव असा की दर तीन महिन्यांमागे एका महिन्याच्या वाढीइतकी मागे पडते, आणि कुटुंबात आल्यावर ती वेगाने भरून निघू लागते; त्यामुळे वयावरून घेतलेले कपडे आधी मोठे होतात आणि मग पाहता पाहता लहान होतात. यापेक्षा तो वेळ वैद्यकीय अहवाल नीट वाचण्यात घाला. परदेशातून दत्तक आलेल्या मुलांचा अनुभव असलेल्या बालरोगतज्ज्ञाला तो दाखवा, आणि घरी आल्यावर क्षयरोग, कावीळ ब आणि क, एचआयव्ही व आतड्यांतील जंत यांच्या तपासण्या पुन्हा करायच्या आहेत, लसीकरणाच्या नोंदी पडताळायच्या आहेत, हे आत्ताच ठरवून ठेवा.

कागदपत्रांसाठी आठवड्यातला एक ठरावीक वेळ राखा आणि त्याबाहेर ई-मेल पुन्हा पुन्हा उघडू नका. तातडीचे काही असेल तर संस्था फोन करतेच. त्या वेळात मुदतींकडे लक्ष द्या, कारण गृहपाहणी अहवाल (सामाजिक कार्यकर्ते तुमचे घर आणि कुटुंब पाहून लिहितात तो), पोलीस पडताळणी दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि तुमची स्वतःची पारपत्रे यांच्या मुदती वेगवेगळ्या संपतात. वर्ष लांबलेल्या प्रकरणात एखादा दाखला शेवटच्या टप्प्यावर कालबाह्य निघणे हे टाळता येण्याजोगे दुःख आहे. नोकरी बदलली, घर बदलले किंवा कोणी गंभीर आजारी पडले, तर ते सामाजिक कार्यकर्त्यांना लगेच कळवा, पण केवळ अहवाल बदलावा लागेल म्हणून आवश्यक असलेले बदल पुढे ढकलू नका. सहलींचेही तसेच. तुम्ही वर्षभर कुठेही गेला नाहीत असे लिहिले आहे, जा. न्यायालयाची तारीख मिळाल्यावर प्रवासाच्या तयारीला वेळ मिळतो की नाही, एवढे संस्थेला विचारून घ्या.

नातेवाईक काळजीने विचारतात, तरी तेच उत्तर शंभरदा देणे थकवणारे असते, हे मला ठाऊक आहे. एक वाक्य ठरवा, 'काही ठरले की आम्हीच कळवू', आणि घरातल्या सर्वांनी तेच बोलावे. मुलांची जन्मकथा, त्यांना बालगृहात का यावे लागले, जन्मदात्या आईविषयीची माहिती, हे मात्र कोणालाही सांगू नका, अगदी जवळच्यांनाही नाही. ती माहिती त्या मुलांची आहे. उद्या एखाद्या समारंभात ती त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये. छायाचित्रेही याच कारणाने फिरवू नयेत, आणि बहुतेक संस्थांचे नियमही त्याला मनाई करतात.

पतींविषयी तुम्ही लिहिले आहे की त्यांना काहीच वाटत नाही असे दिसते. मला तसे वाटत नाही. बेपत्ता वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना अमेरिकेतील कुटुंब-अभ्यासक पॉलीन बॉस यांनी 1970 च्या दशकात अशा दुःखाचा विचार मांडला, ज्यात माणूस मनात असतो पण समोर नसतो, आणि ज्याचा शेवट केव्हा व कसा होईल हे कोणी सांगू शकत नाही. अशा दुःखाला शोक करण्याची रीत नसते आणि सुट्टीही मिळत नाही. एक जण ते बोलून सोसतो, दुसरा कामात बुडून. आणि मग पहिल्याला दुसरा कोरडा वाटतो, दुसऱ्याला पहिला खचलेला. 'तुम्हाला काय वाटते' असे विचारून उत्तर येणार नाही. त्याऐवजी काहीतरी एकत्र करायला घ्या. आमच्या बाबतीत ते मुलांची भाषा शिकणे ठरले. रोज रात्री जेवणानंतर मोजकी वाक्ये: भूक लागली का, कुठे दुखते, शौचाला जायचे का, भीती वाटते का, आम्ही इथेच आहोत, उद्या सकाळी पण असू. बोलणे आपोआप सुरू झाले, मोठा मुलगाही त्यात ओढला गेला, आणि पहिल्या रात्री त्याच वाक्यांचा आम्हाला सर्वाधिक उपयोग झाला. लहान मुले नवी भाषा झपाट्याने उचलतात आणि जुनी तितक्याच झपाट्याने विसरतात, पण त्या मधल्या आठवड्यांत त्यांच्या कानावर ओळखीचे शब्द पडणे फार मोलाचे असते.

बालगृहाला थेट फोन करावा का, असेही तुम्ही विचारले आहे. करू नये. हेग कराराच्या 29 व्या कलमानुसार मूलभूत अटींची पूर्तता होईपर्यंत भावी पालकांनी मुलाच्या जन्मदात्यांशी किंवा त्याला सांभाळणाऱ्यांशी संपर्क ठेवणे वर्ज्य आहे, आणि त्यापुढचे प्रत्येक देशाचे नियम निराळे आहेत. संस्थेमार्फत परवानगी मिळाली तर लहानसा अल्बम पाठवा: तुम्हा तिघांचे चेहरे, घराचे दार, झोपायची जागा, प्रत्येक चित्राखाली त्यांच्या भाषेतली एक ओळ. तारखेचा आणि आश्वासनाचा त्यात उल्लेख नसावा, कारण तिकडेही दोन मुले कोणालातरी 'कधी' असे विचारत असतील.

शेवटी, प्रवासाच्या काळात मुलीचे काय करायचे हे आत्ता ठरवा, तारीख आल्यावर नाही. काही देशांत पालकांना आठवडेच्या आठवडे राहावे लागते, तर काही ठिकाणी दोनदा जावे लागते. ती सोबत येणार असेल तर शाळेशी बोलून ठेवा; मागे राहणार असेल तर कोणाकडे राहील हे तिच्याशी बोलून ठरवा आणि त्या घरी तिला आधी दोन-तीन वेळा मुक्कामाला पाठवा. तुम्ही दोघांनी मिळणारी रजा एकदम वापरू नका. दोन्ही मुले घरी आल्यानंतरचे पहिले काही महिने तुमच्यापैकी एक जण सतत घरी असणे अधिक गरजेचे आहे, आणि तेव्हा तुमच्या थोरल्या मुलीलाही शाळेतून आल्यावर कोणीतरी मोकळे मिळाले पाहिजे.