वीज गेल्यावर गळणारे आठ बॅच

प्रश्न : कपाशीच्या बोंडांच्या छायाचित्रांवरून गुलाबी बोंडअळी ओळखणारे मॉडेल मी घरच्या संगणकावर पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीत घडवतो आहे. भारनियमनात वीज गेली की जतन केलेल्या स्थितीवरून काम पुढे सुरू करतो. पण दर वेळी नेमके आठ बॅच (मॉडेलला एका वेळी दिले जाणारे छायाचित्रांचे गट) गळतात. असे का व्हावे?
— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : ‘नेमके आठ’ असे आपण मोजून कळवलेत, त्यामुळे निदान सोपे झाले. डेटालोडरला (छायाचित्रे वाचून मॉडेलला पुरवणाऱ्या भागाला) वर्कर, म्हणजे हे काम वाटून घेणाऱ्या समांतर प्रक्रिया, दिले की, वेगळे काही सांगितले नसल्यास, प्रत्येक वर्करमागे २ बॅच आगाऊ मागवले जातात; आपले वर्कर ४ असावेत. मॉडेलच्या हाती १०० वा बॅच येतो तेव्हा सॅम्पलर (पुढे कोणती छायाचित्रे घ्यायची ते ठरवणारा भाग) १०८ पर्यंत पोहोचलेला असतो, आणि आपण जतन करता तो हा १०८. जिनिंगच्या फाटकात उभ्या असलेल्या गाड्याही काट्यावर मोजल्या गेल्या असे धरण्यासारखेच हे आहे.

म्हणून मॉडेलपर्यंत पोहोचलेल्या बॅचचाच आकडा जतन करावा. टॉर्चडेटा या लायब्ररीतील ‘स्टेटफुल डेटालोडर’ हा हिशेब स्वतः ठेवतो. मात्र पुन्हा सुरू करताना वर्करांची संख्या पूर्वीचीच असावी. स्वतःचा कोड ठेवणार असाल, तर सरमिसळीच्या यादृच्छिक क्रमाची स्थितीही जतन करावी, नाहीतर आकडा बरोबर येऊनही छायाचित्रे भलतीच येतील. शिवाय जुन्या फाइलवर थेट लिहू नये. तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदलावे, कारण वीज नेमकी लिहितानाही जाते.